दोन कुंड्यांतली खरपुडी

इंदूताई बंडगरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी माळावर पालथी पडले होते. त्यांना वाटलं, बाई मेली.

त्या जीपमधून उतरून धावत आल्या आणि त्यांनी माझा खांदा धरून गदागदा हलवला. मी दचकून उठले तशी डोळ्याशी धरलेली भिंगाची डबी गवतात पडली.

“काय झालं? चक्कर आली व्हय?”

“नाही. फूल बघतेय,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मी बोट दाखवत होते तिकडे पाहिलं. तिथे त्यांना काहीच दिसलं नाही. गवताच्या काड्यांत गवतासारखंच उभं असलेलं ते बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं फूल आधी माहीत असल्याशिवाय कुणालाच दिसत नाही. त्या माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या, मी गवत बाजूला केलं, आणि त्या हसायला लागल्या. “अवं, ही तर खरपुडी. हिचा कंद उकरून खात होतो आम्ही शाळंत जाताना.”

सावळखिंडच्या माळावर मी तेव्हा दर रविवारी जात असे. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून मला थोडीच वर्षं झाली होती आणि मी पीएच.डी.साठी या भागातल्या माळरानांवरच्या झाडोऱ्याची नोंद करत होते. शहरात खरपुडीला कंदीलपुष्प म्हणतात. नाव योग्य आहे. फूल खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना जुळलेली, अगदी टांगायच्या कंदिलासारखं. वासाला भुलून चिलटं नळीत शिरतात, आतल्या उलट्या केसांमुळे अडकून पडतात, आणि केस सुकले की पराग अंगाला चिकटवून बाहेर पडतात. फूल कुणाला मारत नाही, फक्त थोडा वेळ पाहुणचाराला ठेवून घेतं.

पण त्या दिवशी माझ्यासमोर होती ती पुस्तकातली खरपुडी नव्हती. पुस्तकातल्या खरपुडीचं पान अंगठ्याएवढं रुंद असतं. हिचं पान गवताच्या पात्यासारखं, निमुळतं आणि चिवट. पुस्तकातल्या फुलाच्या तोंडाशी फिकी जांभळी छटा असते, हिचं तोंड जवळजवळ काळं. एखादंच झाड असं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण त्या माळावर जिथे पाहावं तिथे ही अशीच होती. मला वाटत होतं की हा या जातीचा एक वेगळा प्रकार आहे, आणि तो अजून कुणी नोंदलेला नाही. वनस्पतीचा नवा प्रकार सापडणं म्हणजे काय, हे ज्यांनी वर्षानुवर्षं इतरांनी दिलेली नावं पाठ केली आहेत त्यांनाच कळेल.

इंदूताईंबरोबर जीपमधून आलेली माणसं तोवर फीत धरून माळावर फक्कीच्या रेघा मारायला लागली होती. मी विचारलं तेव्हा इंदूताईंनी अभिमानाने सांगितलं. त्या सावळखिंडच्या सरपंच होत्या. पुण्याची एक कंपनी गावाला झाडं देणार होती, खड्डे मशीनने काढून देणार होती, कुंपणही घालणार होती. उन्हाळ्यात खड्डे, पावसात रोपं. ओसाड पडलेला हा सगळा माळ हिरवा होणार होता.

मी म्हणाले की माळ ओसाड नाही, हे गवत हेच इथलं रान आहे, इथे दाट झाडं कधी नव्हतीच. मी बरंच काही म्हणाले. त्या ऐकत होत्या, पण कुणी लांबच्या नातेवाइकाच्या दुखण्याबद्दल बोलावं आणि आपण मान डोलवावी तसं. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. त्यांच्या गावात बस थांबते तिथे उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना टेकायला सावली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी या गावाला उन्हात पाहिलं होतं.

शेवटी मी खरपुडीकडे वळले. हा नवा प्रकार असेल तर तो जगात फक्त इथेच असण्याची शक्यता आहे, आणि मशीन फिरलं तर संपेल, असं मी सांगितलं. तेव्हा मात्र त्या थांबल्या.

“असंल म्हणताय. हाय म्हणत न्हाई.”

“तपासायला पुढचा पावसाळा लागेल.”

त्यांनी फक्कीच्या रेघांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “एक पाऊस थांबवते. कंपनीला मी सांगते. तुमचं फूल नवं निघालं तर माळाला हात लावत न्हाई. जुनंच निघालं तर त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात खड्डे. पुढच्या वर्षी दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत येऊन सांगायचं, सगळ्यांसमोर.”

मी हो म्हणाले. त्या वेळी तो सौदा मला फार सोपा वाटला होता.

मी काही कंद घेऊन सांगलीला तारळेकर सरांकडे गेले. सर माझे मार्गदर्शक. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते, पण मागच्या अंगणात कुंड्यांची रांग होती आणि डोकं साफ होतं. त्यांची हयात इतरांनी ठेवलेली नावं तपासण्यात गेली. कुणी काहीही नवं सापडल्याचा दावा केला की नमुना सरांकडे यायचा, आणि बहुतेक वेळा सर दोन ओळींत कळवायचे की हे जुनंच आहे. त्यामुळे त्यांचे मित्र कमी होते. त्यांनी स्वतः कधी कशाला नाव दिलं नाही आणि त्यांचं नावही कुणी कशाला दिलं नाही.

मी ठरवलं होतं. हा प्रकार सिद्ध झाला तर त्याला सरांचं नाव द्यायचं. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला. पण जाताना दारापर्यंत सोडायला आले, आणि काठीवर रेलून म्हणाले, “उच्चाराला जरा कठीण जाईल परदेशातल्या लोकांना.” सर विनोद करत नसत. मी घरी येईपर्यंत बसमध्ये एकटी हसत होते.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. खरपुडी पावसाळा संपला की वरून मरते आणि कंद जमिनीत झोपून राहतो, त्यामुळे वाट पाहण्याशिवाय काही करायचं नसतं. मी वाट पाहिली नाही. माळावरचे वाळवलेले नमुने, मोजमापं आणि चित्रं घेऊन मी निबंध लिहिला आणि एका नियतकालिकाकडे पाठवून दिला. तो स्वीकारला गेला. छापण्याआधी माझ्याकडून शेवटचा होकार तेवढा जायचा होता. कॉलेजात प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये येऊन माझं अभिनंदन केलं.

उन्हाळ्यात खड्डे पडले नाहीत. कंपनीने चुळबुळ केली, पण इंदूताई शब्दाला पक्क्या होत्या. मी जूनमध्ये माळावर गेले तेव्हा दुकानापाशी बसलेल्या माणसांनी मला ओळखलं आणि ‘फूलवाल्या मॅडम’ म्हणून चहा दिला. एकाने विचारलं की ते फूल औषधी आहे का, दुसऱ्याने विचारलं की त्यामुळे गावाचं नाव पेपरात येईल का. नाही आणि हो, असं मी सांगितलं.

श्रावण संपता संपता सरांचा फोन आला. फुलं आली आहेत, येऊन जा, एवढंच म्हणाले.

मी गेले तेव्हा अंगणात पायरीजवळच्या कुंडीत माझी खरपुडी उभी होती, माळावर होती तशीच. निमुळती पानं, काळ्या तोंडाचं फूल. मला इतका आनंद झाला की मी सरांच्या पाया पडले. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा ठेवला, स्वतः गाळून दिला. मी चहा संपवला.

“आता टाकीच्या मागं जा,” ते म्हणाले. “तिथली कुंडी बघून ये.”

टाकीच्या मागे आंब्याची सावली होती. तिथे एका कुंडीत खरपुडी होती, पुस्तकातली. अंगठ्याएवढी रुंद, मऊ पानं. फूल फिकं हिरवट, तोंडाशी पुसट जांभळी छटा. मला वाटलं सरांनी तुलनेसाठी कुठूनतरी साधी खरपुडी आणून लावली आहे. मी परत येऊन तसं विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “दोन्ही तुझेच कंद. एकाच जागचे. पायरीजवळची कुंडी मुरुमाची आहे, उन्हात ठेवलेली. मागच्या कुंडीत शेणखत घातलं आणि सावलीत ठेवली.”

मी पुन्हा टाकीमागे गेले. पानं हातात धरून पाहिली. खालची जुनी पानं निमुळती होती, आणि वर वर जावं तशी ती रुंद होत गेली होती. झाडाने आपली गोष्ट खालून वर लिहून ठेवल्यासारखी. त्यात वाचायला कठीण असं काही नव्हतं. माळावर माती नाही, ऊन आहे, भोवती गवताची दाटी आहे, म्हणून तिथली खरपुडी अशी. पोटभर मिळालं की ती इतर सगळ्या खरपुड्यांसारखी.

मी बाहेर येऊन बसले आणि बोलत सुटले. खत घातलेल्या कुंडीतलं झाड म्हणजे निसर्गातलं झाड नव्हे, असं मी म्हणाले. एका कुंडीवरून निष्कर्ष काढता येत नाही. माळावर तर ती पिढ्यान्‌पिढ्या अशीच आहे, मग तिला वेगळं का म्हणू नये. शेवटी मी माळाचं काढलं. निबंध छापला गेला तर माळ वाचतो, आणि ही दुसरी कुंडी आपल्या दोघांशिवाय कुणी पाहिलेली नाही.

सरांनी मला सगळं बोलू दिलं.

“मी नागपूरला मुलीला सांगून बसलोय,” ते म्हणाले. “वडलांच्या नावाचं झाड म्हणून तिनं तिच्या सासरी सांगितलं. आता परत फोन करावा लागेल.” मग म्हणाले, “निबंध तुझा आहे, पद्मजा. होकार द्यायचा की नाही, ते मी सांगणार नाही. नाव मात्र माझं आहे. ते काढून टाक.”

ते रागावलेही नव्हते. मी निघाले तेव्हा अंगणातल्या दिव्याखाली ते मागच्या कुंडीतली पानं मोजपट्टीने मोजत बसले होते, जणू काही घडलंच नाही.

पुढचे काही दिवस वर्गात शिकवताना माझं मलाच ऐकू येत नव्हतं. सरांचं नाव काढून दुसरं घालणं काही अवघड नव्हतं, आणि मी दोनदा तसं लिहूनही पाहिलं. मग एका सकाळी पहिल्या वर्षाच्या वर्गात एका मुलीने विचारलं की दोन झाडं वेगळी दिसली तरी एकच कशी असू शकतात. नेहमीच्या धड्यातला प्रश्न होता. मी फळ्याकडे वळले आणि उत्तर देताना मला कळलं की हे उत्तर आता मला प्रत्येक वर्षी द्यावं लागणार आहे. दुपारी मी नियतकालिकाला पत्र पाठवून निबंध मागे घेतला. प्राचार्यांना सांगितलं तेव्हा ते नुसतं ‘अरेरे’ म्हणाले. ते मला फार लागलं.

दोन ऑक्टोबरला मी सरांच्या दोन्ही कुंड्या घेऊन सावळखिंडला गेले. एक मांडीवर, एक पायाशी. कंडक्टरने दुसऱ्या कुंडीचं तिकीट काढायला लावायचं की नाही यावर बराच विचार केला आणि सोडून दिलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. टेबलामागे इंदूताई, शेजारी कंपनीचा तरुण अधिकारी, त्याच्यामागे झाडांनी भरलेल्या माळाचं रंगीत चित्र. चित्र सुंदर होतं, ते नाकारून चालणार नाही. आधीचे विषय संपले आणि इंदूताईंनी मला पुढे बोलावलं. लोक उत्सुक होते. कुणीतरी मुलांना गप्प बसवलं.

मी कुंड्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं की फूल नवं नाही.

मग का नाही ते सांगितलं. कुंड्या दाखवल्या, कंद एकाच जागचे होते ते सांगितलं. त्यांना ते समजायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. मागून कुणीतरी म्हणालं की म्हणजे वरीसभर फुकट थांबलो, आणि हशा पिकला. कंपनीच्या अधिकाऱ्याने माझे आभार मानले, कंपनीला विज्ञानाचा आदर आहे असं म्हणाला, आणि आता कामाला लागू या, असं त्याने सुचवलं. मी कुंड्या उचलायला लागले. परतीची बस लगेचच होती आणि मला त्या पटांगणातून बाहेर पडायचं होतं.

“मॅडम, बसा,” इंदूताई म्हणाल्या.

मी म्हणाले की माझं सांगून झालं.

“तुमचं झालं. आमचं न्हाई झालं.”

मी बसले. इंदूताई उभ्या राहिल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, आणि आधी कंपनीच्या अधिकाऱ्याला एक प्रश्न विचारला. शेजारच्या गावच्या माळावर असल्याच झाडांचे खड्डे घेतले होते, त्यातली किती जगली. तो म्हणाला की आकडे ऑफिसात आहेत, पण एकंदरीत प्रतिसाद चांगला आहे. इंदूताई म्हणाल्या की त्या मागच्या आठवड्यात स्वतः जाऊन आल्या. मग त्या लोकांकडे वळल्या.

“आपल्याकडं येणारा जो तो त्याच्या सोयीचं बोलून जातो. औषधवाला येतो, बियाणंवाला येतो, मतं मागणारा येतो. मी बी मतं मागताना सोयीचंच बोलले. ह्या बाई पहिल्याच मी अशा बघितल्या, का स्वतःचं नुकसान होईल असलं सांगायला बस धरून आल्या. फूल नवं हाय म्हणाल्या असत्या तर आपल्याला काय कळणार होतं?”

त्यांनी टेबलावरच्या कुंड्यांकडे बोट केलं.

“गेल्या वर्षी ह्या मला गवताचं काहीतरी सांगत होत्या. मी ऐकलं न्हाई. मला वाटलं, हिला तिच्या फुलाची पडलीय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आता फूल गेलं. आता गवताचं सांगा. आता आम्ही ऐकतो.”

मी काहीच तयारी करून आले नव्हते. मी उभी राहिले आणि पवन्या गवतापासून सुरुवात केली, कारण ते तिथे सगळ्यांना माहीत असतं. पवन्या आणि मारवेल मेंढरं का निवडून खातात, गवताच्या मुळ्या खाली किती दाट असतात आणि पडलेलं पाणी त्या कसं धरतात, मशीनने एकदा मुरूम उलटला की तिथे आधी टोचरी कुसळी येते आणि चांगलं गवत परत यायला किती काळ लागतो. मध्येच एका मेंढपाळ बाईंनी विचारलं की मग त्यांच्या वाड्याशेजारच्या पट्ट्यात पवन्या का संपला. मी म्हणाले मला माहीत नाही, पाहावं लागेल. त्यावर दोघा-तिघांची आपसात चर्चा सुरू झाली. कोण कधी चारतं, कोण आधी चारतं, यावर ती थोडी भांडणाकडे गेली. माझी बस गेली.

अंधार पडायच्या आत ठराव झाला. झाडं ओढ्याच्या काठाने, रस्त्याला, शाळेत आणि बसथांब्यापाशी लावायची. माळाला हात लावायचा नाही. कंपनीच्या अधिकाऱ्याने सांगितलं की त्यांना सलग जागाच लागते, विखुरलेली झाडं त्यांच्या योजनेत बसत नाहीत. त्याने चित्राची गुंडाळी केली आणि तो गेला, आणि कंपनी परत आली नाही. त्याबद्दल इंदूताईंना गावात पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. रोपं पुढे रोपवाटिकेतून थोडी थोडी आली. काही शेळ्यांनी खाल्ली, काही जगली. बसथांब्याच्या कडुनिंबाखाली आता माणसं बसतात.

माझी पीएच.डी. झाली ती त्या माळाच्या गवतांवर. तिच्यात एकही नवी जात नाही आणि नवा प्रकारही नाही. त्या कामाला ठरवलं होतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, कारण प्रत्येक रविवारी गावातलं कुणी ना कुणी बरोबर यायचं आणि त्यांचे प्रश्न माझ्या प्रश्नांपेक्षा लांब चालायचे.

ग्रामसभेच्या दुसऱ्या वर्षी गणपती झाल्यावर मी सरांना माळावर घेऊन गेले. ते नको म्हणत होते, गुडघे दाखवत होते. इंदूताईंनी जीप पाठवली आणि माळाच्या मधोमध एक बाज टाकून ठेवली. सर त्या बाजेवर बसले. चहूकडे कंबरेएवढं गवत वाऱ्याने लवत होतं. त्यांनी हाताशी आलेलं एक गवत तोडलं आणि जमलेल्या माणसांना विचारलं की तुम्ही याला काय म्हणता. त्यांनी सांगितलं. सरांनी पुस्तकातलं नाव सांगितलं. मग दुसरं गवत, मग तिसरं. एका गवताला खालच्या वस्तीवर एक नाव होतं आणि वरच्या वस्तीवर दुसरं, त्यावरून वाद झाला आणि सरांनी दोन्ही नावं लिहून घेतली. एका गवताचं नाव कुणालाच येत नव्हतं, सरांनाही नाही. ते त्यांनी खिशात ठेवलं.

उन्हं कलली. मी म्हणाले की सर, आता निघायला हवं.

“अजून किती राहिलीत?” सरांनी विचारलं.

“लई हायत,” इंदूताई म्हणाल्या. “बसा की निवांत. भाकरी हितंच मागवलीय.”